जवळच्या नात्यातील लग्नकार्य : मुखेड परिसरातील आप्तांसाठी मार्गदर्शन

तुळशीचे लग्न लागले की मुखेड, कंधार, देगलूर आणि शेजारच्या उदगीर, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांत लगीनसराईची चाहूल लागते, आणि रब्बीची रास घरात आली की चैत्र-वैशाखात तिला भर येतो. ज्यांच्या घरी कार्य असते त्यांना सल्ला देणारे पुष्कळ असतात. परंतु ज्यांच्या बहिणीच्या, दिराच्या किंवा चुलत भावाच्या घरी लग्न आहे, त्या जवळच्या आप्तांना पडणारे प्रश्न दरवर्षी तेच असूनही ते कोणाला विचारावेत हे ठरत नाही. किती दिवस आधी पोहोचावे, आहेर कशाचा करावा, भाऊकीत अबोला असताना जावे का, विधवा मावशीने हळद लावावी का, नवरीचे वय कमी असल्याचे कळले तर काय करावे, असे हे प्रश्न असतात. हैदराबाद, पुणे किंवा मुंबई येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना ते अधिक अडवतात, कारण गावचा रोजचा व्यवहार त्यांच्या हातून सुटलेला असतो आणि गावाची अपेक्षा मात्र तशीच असते.

या भागात सख्ख्या-चुलत नात्यातील माणसाला परक्यासारखे येऊन, जेवून आणि पाकीट देऊन परतता येत नाही. कार्याचा एक वाटा त्याच्याकडे न सांगता येतो. तो वाटा कोणता, हे आधी विचारून घेतल्यास खर्च, दगदग आणि रुसवेफुगवे कमी होतात, म्हणून पुढील सूचना त्या अनुरोधाने वाचाव्यात.

आमंत्रण कसे समजून घ्यावे

पहिली पत्रिका देवाला, म्हणजे घराण्याप्रमाणे माहूरची रेणुका, माळेगावचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी अशा कुलदैवताला, आणि पाठोपाठ मामाला देण्याची रीत बहुतेक घरांत आहे. त्यानंतर भाऊकी, म्हणजे एका मूळ पुरुषापासून झालेली पित्याकडील घरे, आणि सोयरे, म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेली घरे, असा क्रम लागतो. घरातून दिलेल्या लेकींना व आत्यांना मात्र पत्रिका पुरत नाही. त्यांना घेऊन येण्यासाठी माहेरचा माणूस पाठवला जातो आणि त्यालाच मूळ धाडणे म्हणतात. हल्ली मूळ बहुधा फोनवरच येते, म्हणून माणूस आला नाही एवढ्यावरून अपमान झाल्याचा निष्कर्ष काढू नये. यजमानांना आपणच फोन करून ‘कोणत्या दिवशी येऊ आणि काय काम घेऊ’ असे विचारावे. पत्रिकेवरील निमंत्रकांच्या यादीत नाव न छापल्याने उद्भवणारे वाद तर छापखान्यातील घाईतून होतात, आणि त्यावरून लग्न टाळणे कोणत्याही हिशेबाने परवडत नाही.

मोबाइलवर येणाऱ्या पत्रिकेबाबत सावधगिरी आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे आमंत्रण म्हणून एक फाइल आली आणि ती उघडल्यानंतर त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये काढले गेले. खरी पत्रिका चित्र, चित्रफीत किंवा पीडीएफ या स्वरूपात येते; फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ते मोबाइलमध्ये बसवायचे अॅप असते, पत्रिका नसते. अशी फाइल उघडली गेल्यास मोबाइलचे इंटरनेट बंद करून बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

सुतकाचा, म्हणजे घराण्यातील मृत्यूनंतर पाळल्या जाणाऱ्या अशौचाचा, प्रश्न आल्यास परस्पर निर्णय घेऊ नये. सुतक किती दिवसांचे आणि किती पिढ्यांपर्यंतचे, हे जातीनुसार व घराण्यानुसार बदलते. कार्यघरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि त्यांनी ‘या’ म्हटल्यास जावे.

कोणत्या दिवशी पोहोचावे

हिंदू घरांतील कार्य साधारणपणे असे चालते :

- बस्ता : लग्नाच्या कपड्यांची एकत्रित खरेदी. नांदेड, उदगीर किंवा लातूरच्या बाजारात दोन्ही घरची माणसे एकत्र जातात. आत्या, मावशी, काकू यांना बोलावणे असल्यास जावे, परंतु साडीच्या किमतीवर मत देऊ नये.
- मांडव आणि देवक : मांडवावर आंबा, जांभूळ, उंबर यांचे डहाळे येतात; देवक म्हणजे कार्यापुरती प्रतिष्ठापना केलेले कुळाचे चिन्ह. येथे भाऊकीची उपस्थिती गृहीत असते.
- हळद : बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी.
- अक्षता, पंगत, पाठवणी : मुख्य दिवस.
- गोंधळ, जागरण किंवा सत्यनारायण : वराच्या घरी, लग्नानंतर.

एकच दिवस काढता येत असेल, तर जवळच्या आप्तांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून लग्न लागल्यावर निघावे, हे अधिक उपयोगाचे ठरते. अक्षतांना हजार माणसे असतात. हळदीच्या दिवशी मात्र पाणी भरणारे, पाहुण्यांची झोपण्याची सोय पाहणारे आणि किराणा मोजून घेणारे हात कमी पडतात, आणि कोण आले होते हे घर याच दिवसावरून लक्षात ठेवते.

लिंगायत घरांत विधी जंगम स्वामींच्या हस्ते होतो. बौद्ध विवाहात शुभ्र वस्त्रे, त्रिशरण-पंचशील आणि अक्षतांऐवजी फुले असतात. मुस्लीम घरी निकाहानंतर वराकडून वलिमा, म्हणजे मेजवानी, दिली जाते. बंजारा तांड्यावर नायक व कारभारी यांचा मान असतो. नात्यात दुसऱ्या समाजाचे घर आले असल्यास त्यांच्याकडील रीत आधी फोनवर विचारून घेण्यात कमीपणा नाही.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असला, तरी व्यासपीठावरील सत्कार आणि पुढाऱ्यांची वाट पाहणे यांत अक्षता पडायला अडीच वाजणे या भागात नवे नाही. परतीची रेल्वे किंवा शेवटची एसटी ठरवताना किमान तीन तासांची मोकळीक ठेवावी. आप्त म्हणून आपला शब्द चालत असेल, तर सत्कार लग्न लागल्यानंतर घ्यावेत असे यजमानांना आदल्या रात्री सुचवावे. मांडवात ऐन वेळी सांगितल्यास कोणी ऐकत नाही.

प्रवास आणि वऱ्हाडाची गाडी

मुखेडला रेल्वे नाही. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना नांदेड, तर हैदराबादकडून येणाऱ्यांना उदगीर स्थानकावर उतरून किंवा देगलूरमार्गे रस्त्याने यावे लागते. पुढील सवलती अनेकांना ठाऊक असूनही ओळखपत्र घरी राहिल्याने वाया जातात :

- राज्य परिवहन महामंडळाच्या नियमित गाड्यांत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.
- ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, तर ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. वयाचा पुरावा सोबत असावा.
- या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच लागू असतात. तेलंगणात राहणाऱ्या लेकींना त्या राज्याच्या साध्या व एक्सप्रेस गाड्यांत डिसेंबर २०२३ पासून मोफत प्रवास आहे. तोही त्या राज्याच्या सीमेपर्यंत आणि तेथील रहिवासाच्या ओळखपत्रावर.

वऱ्हाडासाठी संपूर्ण एसटी ‘प्रासंगिक करारा’वर, म्हणजे ठरावीक प्रसंगासाठी भाड्याने, आगारातून घेता येते. लगीनसराईत गाड्या अपुऱ्या पडतात, म्हणून तारीख निश्चित होताच मुखेड किंवा जवळच्या आगारात अर्ज करावा.

या संदर्भात सर्वांत गंभीर चूक मालवाहू टेम्पो, पिकअप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वऱ्हाड नेण्याची आहे. भाडे कमी पडते आणि चाळीस माणसे एकदम जातात, एवढाच विचार होतो. परंतु मालवाहू वाहनात फुकट किंवा भाड्याने बसवलेल्या प्रवाशांची जोखीम विम्यात धरलेली नसते. मालवाहू वाहनातील अशा प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास भरपाईचा दावा गाडीमालकावर उरतो आणि त्याच्याकडे वसूल होण्याजोगे काही असेलच असे नाही. म्हणून अशा गाडीत लहान मुले व म्हाताऱ्या माणसांना बसवण्यास नकार देणे हा आप्तांचा अधिकार आहे, आणि तो यजमानांची नाराजी पत्करूनही वापरावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असावेत.

आहेर : किती, कशाचा, कोणाच्या नावाने

आहेर म्हणजे कार्यप्रसंगी दिली जाणारी भेट. ती कपड्यांची, भांड्यांची किंवा रोख असते आणि तिची नोंद आहेराच्या वहीत नाव-गावासह केली जाते. ही वही म्हणजे घराघरांतील देण्याघेण्याचा ताळेबंद होय. त्यामुळे रक्कम ठरवण्यापूर्वी आपल्या घरी झालेल्या मागील कार्याची वही काढून त्या घराने काय केले होते ते पाहावे. तेवढे किंवा त्याहून थोडे अधिक देण्याचा प्रघात आहे. मात्र आपली ऐपत त्या वेळेपेक्षा घटली असेल, नापिकी किंवा आजारपण असेल, तर वहीशी बरोबरी साधण्यासाठी सावकाराकडे जाणे हा निव्वळ अविचार आहे. कमी आहेर वर्षभरात विसरला जातो, व्याज मात्र वाढत राहते.

टोपी, टॉवेल आणि हलक्या साड्या यांचा आहेर घरोघर फिरत राहतो व शेवटी पेटीत पडतो, हे सर्वांना ठाऊक असूनही ध्वनिक्षेपकावर नाव पुकारले जाते म्हणून तो सुटत नाही. जवळच्या आप्तांनी एकमेकांत बोलून कपाट, शिलाई मशीन, पिठाची चक्की यांसारखी वस्तू एकत्र वर्गणीने द्यावी, किंवा एक जेवण, मंडप, पाण्याचे टँकर यांपैकी एखादा खर्च उचलावा. यजमानांना खरा आधार यातूनच मिळतो. ज्या पत्रिकेवर आहेर स्वीकारला जाणार नाही असे छापलेले असते, तेथेही मामा, आत्या यांचा मानाचा आहेर बहुधा अपेक्षित असतो, म्हणून आधी विचारावे.

कायद्याच्या दृष्टीने पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

1. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार हुंडा देणे व घेणे या दोन्हींसाठी किमान ५ वर्षे कैदेची तरतूद आहे. नुसती मागणीही गुन्हा ठरते. ‘मुलाला गाडी घेऊन द्या’ हा निरोप पोहोचवण्याचे काम मध्यस्थ आप्ताने स्वीकारू नये.
2. मागणीशिवाय, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीनुसार दिलेल्या भेटी या कायद्यात बसतात. मात्र १९८५ च्या नियमांनुसार त्यांची यादी करावी लागते. यादीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून वधू-वरांनी सही करायची असते. दागिना देणाऱ्या आप्ताने पावतीची प्रत वधूजवळ द्यावी.
3. वधूला मिळालेले दागिने व वस्तू हे तिचे स्त्रीधन, म्हणजे तिच्या एकटीच्या मालकीची संपत्ती होय. सासरी ठेवल्याने ती मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात म्हटले आहे.
4. वधू-वरांना स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, परंतु त्यांच्या आईवडिलांच्या नावे दिलेल्या रकमेला ही सूट मिळत नाही. म्हणून मोठा धनादेश वधूच्या किंवा वराच्या नावानेच द्यावा. तसेच एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. मंगल कार्यालयाचे पैसे आपण भरत असाल, तर ही मर्यादा पाळावी.

पंगत, ऊन आणि आवाज

मे २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याच्या केदारपूर येथे लग्नाच्या जेवणानंतर तीनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली होती. उन्हाळ्यात शिजवलेले वरण-भात व भाजी चार-पाच तास उघड्यावर राहिल्यास धोका वाढतो, आणि लग्न लांबल्याने नेमके तेच घडते. स्वयंपाकाची देखरेख ज्या आप्ताकडे येते त्याने भात व भाजी एकदम न शिजवता पंगतीगणिक शिजवून घ्यावी, टँकरचे पाणी शुद्ध करूनच पिण्यास ठेवावे आणि हळदीच्या रात्रीचे उरलेले अन्न लग्नाच्या पंगतीत वाढू देऊ नये. उलट्या-जुलाब सुरू झालेल्यांना घरगुती उपायांत न अडकवता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मुखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि त्या अन्नाचा नमुना तपासणीसाठी झाकून ठेवावा.

वैशाखात पत्र्याच्या किंवा कापडी मांडवाखाली दुपार काढणे वृद्ध, गरोदर स्त्रिया व बालकांना सोसत नाही. त्यांना अक्षतांच्या वेळीच मांडवात आणावे. ओआरएसची पाकिटे मुऱ्हाळ्याजवळ, म्हणजे लेकीला ने-आण करणाऱ्या सोबत्याजवळ, द्यावीत. ध्वनिवर्धकाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदी आहे. वरातीतील डीजे बंद करण्याचा आग्रह भाऊकीतील तरुणाने धरला तर भांडण होते, काकांनी धरला तर होत नाही, हा अनुभवाचा भाग लक्षात घेऊन माणूस निवडावा.

जेथे मान आडवा येतो

*विधवा व एकल स्त्रिया.* स्वतःच्या लेकीला हळद लावण्यापासून आईलाच मागे ठेवण्याची रीत अनेक घरांत टिकून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. घरातील वडीलधाऱ्या सुवासिनीने हळदीची वाटी स्वतः त्या आईच्या हातात दिल्यास प्रश्न तेथेच मिटतो. हे काम आत्याने किंवा मोठ्या जावेने आदल्या दिवशी ठरवून घ्यावे. संबंधित स्त्रीला स्वतःला नको असेल, तर मात्र तिला आग्रह करून पाटावर बसवू नये.

*वाळीत टाकणे.* आंतरजातीय विवाह, जमिनीचा वाद किंवा पंचांचा निर्णय यांमुळे एखाद्या कुटुंबाला कार्यास येण्यापासून रोखले जात असेल, तर तो महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि तक्रार पोलिसांत किंवा दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. यजमानाने वैयक्तिक रागातून आमंत्रण न देणे ही वेगळी बाब आहे. ती खाजगी असून तेथे कायदा उपयोगी पडत नाही, मध्यस्थ मामा कदाचित पडतो.

*वय.* मुलीला १८ व मुलाला २१ वर्षे पूर्ण नसतील, तर बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ लागू होतो. लग्न लावणाऱ्याला २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; त्या बालकाची जबाबदारी असलेले पालक व इतर व्यक्ती यांनी अशा विवाहाला उत्तेजन देणे, त्यास उपस्थित राहणे किंवा सहभागी होणे हेही शिक्षेस पात्र ठरते. ऊसतोडीला जाण्यापूर्वी मुलीचे हात पिवळे करून टाकण्याची घाई या तालुक्यांत होते आणि तेव्हा मामाला पुढे उभे केले जाते. शंका आल्यास शाळेचा दाखला पाहावा. वय कमी निघाल्यास आधी आईवडिलांशी बोलावे, आणि ते ऐकत नसतील तर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), अंगणवाडी पर्यवेक्षिका किंवा १०९८ या बाल मदतवाहिनीला तारीख, स्थळ व नावे कळवावीत. कळवण्यासाठी लग्नाच्या दिवसाची वाट पाहू नये. मांडव पडण्याआधी थांबवलेले लग्न मुलीला कमी महाग पडते.

साक्षीदार म्हणून सही

लग्नानंतर जवळच्या आप्तांकडे एक अखेरचे काम येते. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत, किंवा मुखेडसारख्या शहरात नगरपरिषदेत, करायची असते आणि अर्जावर ३ साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेला असावा, म्हणून बाहेरगावी राहणाऱ्याऐवजी जवळपास राहणाऱ्या आप्ताची निवड करणे सोयीचे जाते. मुदत उलटल्यास विलंब शुल्क भरावे लागते. सही करणाऱ्याने पुढील गोष्टी सोबत न्याव्यात :

- आधार कार्डाची प्रत व मूळ कार्ड, तसेच पारपत्र आकाराचे छायाचित्र;
- वधू-वरांच्या वयाचे दाखले, लग्नपत्रिका व विधीचे एक छायाचित्र यांची वधू-वरांकडे पूर्तता झाली आहे का, याची आदल्या दिवशी केलेली चौकशी;
- अर्जातील नावांचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, हे पाहण्यासाठी चष्मा. नावातील एका अक्षराच्या चुकीने पुढे पारपत्र व बँक खात्याची कामे अडतात, आणि दुरुस्तीसाठी त्याच साक्षीदारांना पुन्हा गावी यावे लागते.